हरिहररावांचा तयार कान

आमच्या कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये माणूस पक्का झाला हे ऑफिसच्या कागदावरून ठरत नसे. नवीन माणूस कानांत कापसाचे बोळे घालून यायचा. काही महिन्यांनी एके दिवशी तो बोळे काढून भट्टीत टाकायचा, मग त्याच्या नावाने पेढे वाटले जायचे आणि सगळे म्हणायचे, कान तयार झाला. मी शेजारच्या डाय शॉपमध्ये होतो. घणाच्या डाय, म्हणजे तापलेल्या लोखंडाला आकार देणारे पोलादी साचे, बनवायच्या आणि आत जाऊन बसवून द्यायच्या, हे माझं काम. घण चालू असला की मी कानांवर हात दाबून आत शिरायचो, म्हणून त्या लोकांनी मला 'कच्च्या कानाचा श्रीपाद' करून टाकलं होतं. म्हटलं, चिडवा लेको. मला माझे कच्चे कान प्यारे होते.

सगळ्यात तयार कान हरिहररावांचा. माणूस मिरजेचा. लहानपणी घरासमोर तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान, आणि हे शाळा बुडवून तिथे बसलेले. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यावर तारेखाली दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, झणझणते. जवारी लागली म्हणतात त्याला. दोरा केसभर सरकला तरी हरिहरला कळतं, असं ते कारागीर म्हणायचे म्हणे. पुढे वडील गेले, शिक्षण अर्धवट राहिलं, आणि हा कान पिंपरीत येऊन दोन मजली उंच घणापाशी उभा राहिला.

घणालाही त्या कानाचा उपयोग निघाला. वरची डाय घणाच्या डोक्यात पोलादी पाचर ठोकून अडकवलेली असते. फटके बसून बसून पाचर सैल होते. सैल झालेली पाचर सुटली तर गोळीसारखी समोर जाते, आणि समोर जो उभा असेल त्याची खैर नाही. म्हणून नियम असा होता की दर तासाला घण थांबवायचा आणि पाचर पुन्हा ठोकून घट्ट करायची. हरिहरराव आले आणि त्यांच्या लक्षात आलं की पाचर सैल व्हायला लागली की घणाच्या धडाक्यामागे एक बारीक किणकिण येते. ती बाकी कुणाला ऐकू येत नसे. ते हात करून घण थांबवायचे, पाचर बघितली की खरंच सरकलेली असायची. दोन-चार वेळा असं झाल्यावर सुपरवायझर गुरुदत्तसाहेबांनी दर तासाचा नियमच बंद केला. घण थांबायचा तो वेळ वाचला, माल वाढला, साहेबांना बढती मिळाली.

तेव्हापासून पद्धत पडली ती अशी. शिफ्ट सुरू होताना घणाचे तीन हलके फटके मारायचे. हरिहरराव पाचरीच्या तोंडासमोर उभे राहायचे, कारण किणकिण तिथेच नीट कळते. मान तिरकी करून ऐकायचे आणि उजवा हात वर करायचे. हात वर झाला की लिव्हरवाला पूर्ण ताकदीचा फटका सोडायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. हरिहररावांचा हात वर झाल्याशिवाय त्या शॉपमध्ये कुणी विडीसुद्धा विझवत नसे.

आम्ही दोघं संत तुकाराम नगरात शेजारी राहायचो, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे पुढची गोष्ट मी निम्मी भिंतीतूनच ऐकली आहे.

घण दुरुस्तीसाठी एक जर्मन इंजिनिअर वर्षभर आला होता. एकोणऐंशी साली परत जाताना त्याने हरिहररावांना स्वतःचा हेडफोन दिला. दोघांना गाण्याचं वेड, बोलायला धड भाषा नाही, पण मैत्री घट्ट. हेडफोन म्हणजे काय, कानावर धरायचे दोन मोठे डबेच होते ते, चांगले जड. त्या जर्मन साहेबाने बजावून सांगितलं होतं की ही चीज साधीसुधी नाही, रेडिओला जोडून हिचं भागणार नाही. लाऊडस्पीकर ज्याच्यावर चालतो तसला पॉवर अॅम्प्लिफायर हिला लागेल. कमी ताकदीचा लावलात तर आवाज येईल, पण आवाजात जीव येणार नाही.

साहेबाचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. आणि त्या खऱ्या बोलण्यानेच पुढे घात केला.

हरिहररावांकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि तंबोऱ्यावर गायलेल्या एका जुन्या बैठकीची तबकडी होती. तीत गवई तोंड उघडायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो. तेवढा तुकडा ते पुन्हा पुन्हा लावायचे. मला म्हणाले, "श्रीपादराव, या तबकडीत जवारी होती हो. हल्ली येत नाही. सुई झिजली म्हणून सुई बदलली, तरी नाही. आता हा हेडफोन आलाय, बघू."

पहिल्यांदा रेडिओच्या स्पीकरची तार काढून हेडफोनला लावली. आवाज आला, जवारी नाही. "साहेब म्हणालाच होता," हरिहरराव म्हणाले. "ताकद कमी पडतेय." मग आम्ही पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. तिथे पत्र्याच्या डब्यात जोडून दिलेले अॅम्प्लिफायर परवडतील अशा किमतीत मिळायचे. दुकानदार दहा वॅटचा दाखवत होता, हरिहरराव तीसचा मागत होते. दुकानदाराने हेडफोन हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "कानाला लावायचाय की देवळावर?" मी हसलो. हरिहरराव हसले नाहीत, त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं. मला वाटलं, गल्लीत गलका फार आहे.

तीस वॅटचा घरी आला. रविवारी चाचणी ठरली. आता चाचणी घ्यायला माणसं कुठली बोलवावीत? या गृहस्थाने बोलावली फोर्ज शॉपमधली. त्यांच्या लेखी जगात ऐकण्याचं कळतं ते तयार कानाच्या लोकांनाच. मोशीचा भैरू सायकल हाणत आला, त्याच्या मागून आणखी तिघं. खोलीत ओळीने बसले, हेडफोन फिरत गेला. भैरूने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"न्हाई राव. ह्यात दम न्हाई. लांबनं वाजल्यागत वाटतंय."

"व्हय, मऊ हाय," दुसरा म्हणाला.

शेवटी माझी पाळी. मी डबे कानावर ठेवले आणि तसेच ओरबाडून काढले. डोक्यात कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ गेली. "अहो, हे काय आहे! पडदे फाटतील कानाचे!" मी ओरडलो. चौघं पोट धरून हसले.

"कच्चा कान, भावा, कच्चा कान!" भैरू म्हणाला.

मग मत घेतलं. पाच विरुद्ध एक. अॅम्प्लिफायर कमी ताकदीचा ठरला. मला राग आला तो माझी टिंगल झाली म्हणून नव्हे. ती पाच माणसं रोज एकमेकांशी ओरडून बोलत होती, ओठांकडे बघत बोलत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हे त्या खोलीत मला पहिल्यांदा नीट दिसलं.

पद्मावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवायच्या आधी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावला. मी बघतोय हे बघून त्यांनी नजर खाली घातली.

जाताना दारात त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येत नाहीत. परवा शेजारी बसून पेपर वाचत होते आणि डाळ जळून कोळसा झाली. मी त्यांना तसं म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत."

त्याच आठवड्यात डाय बदलायची होती म्हणून आम्ही घणाची पाचर काढली. तिच्या अंगावर ताजी घासल्याची चकाकी होती. पाचर घट्ट असेल तर ती घासत नाही. ही आत-बाहेर हलली होती, चांगली काही दिवस. मी ती घेऊन थेट गुरुदत्तसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, दर तासाला ठोकायचं पुन्हा सुरू करा."

"हरिहरराव ऐकतात ना?" साहेब म्हणाले.

"ते ऐकतात, पण..."

"मग झालं तर."

मी हरिहररावांनाही पाचर दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, बोट फिरवलं आणि परत दिली. "हलली असती तर मी थांबवला असता घण," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला होता की मला पुढे बोलवेना. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं हो. शिक्षण नाही, घराणं नाही, गाणं सुटलेलं. एक कान होता. तो गेला म्हणायचं म्हणजे माणूसच गेला म्हणायचं.

पण मला त्या दिवसापासून घणाचे हलके फटके ऐकू आले की हातातलं काम सुटायचं. तीन फटके, मग शांतता. तिकडे त्यांचा हात वर होत असेल. मग पहिला भारी फटका बसून जमीन हादरायची आणि मी पुन्हा कानस उचलायचो.

दुसरा अॅम्प्लिफायर चिंचवडगावच्या चिमाजीचा. चिमाजी लग्नाकार्यात, गणपतीत लाऊडस्पीकर लावायचा. त्याने नवीन सेट घेतले होते आणि जुना, काचेच्या वाल्वचा, बैलगाडीत घालून न्यावा असा धूड अॅम्प्लिफायर कोपऱ्यात पडून होता. किमतीत तपकीर गल्लीच्या निम्मा, ताकदीत चौपट. हरिहररावांचे डोळे लकाकले.

"मालक, ह्याच्यावर चार भोंगे वाजत्यात," चिमाजी म्हणाला. "कानाला लावू नगा."

"हा हेडफोन वेगळा आहे," हरिहरराव म्हणाले. "याला ताकद लागते."

"हेडफोनला लागत आसंल. तुमच्या कानाचं काय?"

मी चिमाजीकडे बघून मान हलवली. हरिहररावांनी सेटची किंमत चुकती केली आणि आम्ही दोघांनी तो धूड रिक्षात चढवला. वाटेत ते गुणगुणत होते. सूर उतरलेला होता. मिरजेच्या माणसाचा सूर उतरलेला मी तेव्हाच ऐकला, आणि रिक्षातून उतरून पळत सुटावंसं वाटलं.

पुढचे दहा-पंधरा दिवस भिंतीतून तंबोरा ऐकू यायचा. लाऊडस्पीकर नव्हता बरं का. त्यांच्या डोक्यावरच्या हेडफोनमधून निसटलेला आवाज विटांची भिंत ओलांडून माझ्या खोलीत येत होता. कामावर ते कानात बोट घालून हलवताना दिसायचे. विचारलं तर म्हणाले, "कानात शिट्टी वाजते जरा. जाईल."

मग तो रविवार आला. दुपारी मी त्यांच्याकडेच होतो, मुद्दाम जाऊन बसलो होतो. हरिहरराव डोळे मिटून, हेडफोन लावून खुर्चीत. आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला. पद्मावहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांची मुलगी चित्रा स्वयंपाकघरात गणितं सोडवत बसली होती. ती उठून बाहेर आली, वडिलांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडून हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"बाबा, ते झण्ण झण्ण वाजतं ते काय असतं?"

"कुठे?"

"हे काय, आत्ता वाजतंय ना. तारेच्या वरून. मला रोज स्वयंपाकघरात ऐकू येतं. छान आहे ते."

हरिहररावांनी मांडीवरच्या डब्यांकडे बघितलं. त्यातून तंबोरा वाजत होता आणि खोली जवारीने नुसती भरली होती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती झणझण मलासुद्धा स्पष्ट येत होती. त्यांनी हेडफोन उजव्या कानाशी धरला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

"आत्ता वाजतेय?" त्यांनी चित्राला विचारलं.

"हो बाबा."

"आत्तासुद्धा?"

तिने मान हलवली. तिला काहीतरी चुकलं असं वाटायला लागलं होतं. पद्मावहिनींनी ताट बाजूला ठेवलं, येऊन त्यांच्या हातातला हेडफोन काढून घेतला आणि अॅम्प्लिफायर बंद केला. हरिहरराव वर बघून म्हणाले, "तुला येते?"

"मला येते हो," वहिनी म्हणाल्या. "मला आणि पोरीला, दोघींना. पहिल्या दिवसापासून."

हरिहरराव रडले. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघत होतो. चित्राला काही कळेना, ती त्यांचा शर्ट धरून उभी राहिली. मग ते एकदम थांबले आणि त्यांनी माझा दंड धरला.

"श्रीपादराव, ती किणकिण. किती दिवस झाले असतील?"

सोमवारी पहिल्या शिफ्टला आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी घणापाशी गेलो. त्यांनी हात वर घालून पाचर चाचपली आणि मलाही चाचपायला लावली. पाचर चार बोटं बाहेर आली होती. तिचं तोंड नेमकं त्या जागेकडे होतं जिथे ते रोज उभे राहून हात वर करायचे. आम्ही हातोड्याने ठोकून ती आत घातली, पण मला तिचा भरवसा वाटेना. घासून घासून बारीक झाली होती, नवीन बनवायला हवी होती.

माणसं जमली. हरिहररावांनी घण चालू होऊ दिला नाही. गुरुदत्तसाहेब आले, कपाळाला आठ्या घालून.

"साहेब, मला ऐकू येत नाही," हरिहरराव सगळ्यांसमोर म्हणाले. "कधीपासून ते मलाही ठाऊक नाही. दर तासाला पाचर ठोका. आणि आधी ही बदला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. "महिनाअखेर आहे," ते म्हणाले. "ट्रक दारात उभे आहेत. पाचर शिफ्ट संपल्यावर बदलू. तुम्हाला उद्यापासून गेटवर हलकं काम देतो, हरिहरराव, काळजी करू नका." मग ते वळले, त्यांनी भैरूच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि ओठ हलवून मोठ्याने म्हणाले, "भैरू, आजपासून तू ऐकायचं!"

भैरूची छाती फुगली. इतक्या वर्षांत त्याला एवढा मान कुणी दिला नव्हता.

मी साहेबांची बाही धरली. "अहो, त्याला तुमचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही! तो ओठ बघतो तुमचे!"

"हात तर वर करता येतो ना?" साहेब म्हणाले. "लिव्हरवाल्याला हात लागतो."

भैरू जाऊन पाचरीच्या तोंडासमोर उभा राहिला. टोपी नीट केली. हलके फटके सुरू झाले. पहिला. दुसरा. तिसऱ्याच्या मागून, माझ्या कच्च्या कानांना, ती किणकिण आली. कपबशीवर चमचा लागावा इतकी बारीक. मी आयुष्यात पहिल्यांदाच ती ऐकत होतो, तरी ती काय आहे हे कुणी सांगायची गरज पडली नाही. मी ओरडलो. हात हलवले. पण लिव्हरवाला माझ्याकडे कशाला बघेल? तो भैरूच्या हाताकडे बघत होता.

हरिहरराव घणाकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या कानांनी ऐकत होते म्हणा ना. माझा चेहरा त्यांनी बघितला आणि ते धावले. भैरूने मान तिरकी केली, समाधानाने डोलवली आणि हात वर केला. हरिहररावांनी तो हात दोन्ही हातांनी धरून असा हिसडा दिला की दोघंही बाजूच्या राखेत कोलमडले.

भारी फटका बसला. पाचर कुणाला दिसली नाही. पाचरीसमोरच्या पत्र्याच्या भिंतीला ताटलीएवढं भोक पडलेलं मात्र सगळ्यांना दिसलं. लिव्हरवाल्याने लिव्हर सोडला.

भैरू राख झटकत उठला. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. भिंत त्याच्या पाठीमागे होती. तो हरिहररावांची कॉलर धरून ओरडत होता, "का वढला माझा हात? पैल्याच दिशी? तुमचा कान गेला म्हून माझाबी मान घालवताय व्हय?"

हरिहरराव त्याच्या ओठांकडे बघत, हात जोडून उभे होते. भैरूने अजून मागे वळून बघितलं नव्हतं.